राघोच्या लग्नाचा धवला

कल्याण, ता. १२ नोव्हेंबर १८८८

तीर्थस्वरूप मावशीच्या पायांशी राघोचा नमस्कार.

दिवाळीला आलो नाही म्हणून रागावली असशील. मालधक्क्यावर भाताच्या पोत्यांची रीघ लागली होती आणि आमच्या हेडक्लार्कांनी कुणालाच सुटी दिली नाही. त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नाही, हे तुला ठाऊकच आहे.

बातमी अशी की माझे लग्न ठरले. मुलगी खडवलीच्या सहदेव पाटलांची धाकटी, लक्ष्मी. मुहूर्त फाल्गुन शुद्ध पंचमीचा. आई गेल्यापासून तूच आई, म्हणून पहिले पत्र तुला.

आता तुझ्याबद्दल. तुझी पत्रे लिहिणाऱ्या विश्रामकाकांनी मागच्या खेपेस तुझ्या नकळत खाली एक ओळ घातली होती, की पावसाळाभर तू आडवी झालीच नाहीस, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलीस. मी इथल्या डाक्तरांना विचारले. ते म्हणाले, हा दमा आता जाणारा नव्हे, सांभाळायचा. चुलीच्या धुरात बसू नये, गार वाऱ्यात जाऊ नये आणि गाणे तर मुळीच नको. आमच्या रेल्वेचा सांधेवाला धोंडीबा ठाण्यास येतो आहे, त्याच्याजवळ औषधांचे पुडके दिले आहे. कोणते कसे घ्यायचे ते तो तोंडी सांगेल.

तुझा
राघो


कोपरी, ठाणे. कार्तिक वद्य पंचमी, शके १८१०

चिरंजीव राघोस आवडाबाईचा आशीर्वाद. मी सांगते तसे लिहिणारा विश्राम, मिठाच्या नाक्यावरचा.

तुझ्या धोंडीबाने पुडके दारात टेकवले आणि गाडी सुटेल म्हणून पळाला. सांगितले काहीच नाही. मी सोडून पाहिले. वर अडुळसा, त्याखाली ज्येष्ठमध, पिंपळी, खडीसाखर आणि अगदी तळाशी, वेगळ्या कागदात गुंडाळलेले एक हळकुंड आणि एक अख्खी सुपारी. राघ्या, मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

लग्नघरचे हळकुंड आणि सुपारी धवलारणीच्या दारी आली म्हणजे तिला बोलावणे आले. आधी देवाला, मग धवलारणीला, मग सोयऱ्यांना. तिने हळदीपासून लग्नापर्यंत धवले गायचे, तिच्या गाण्यावर आपल्या आगऱ्यांची लग्ने लागतात. तुला हे कुणी शिकवले? अकरा वर्षांचा असताना तू शिकायला कल्याणास गेलास, मला वाटले आपल्या रीती तू शाळेच्या बाकाखाली ठेवून विसरला असशील.

तीन वर्षांत माझ्या दारी सुपारी आली नव्हती. का, ते तुलाही माहीत आहे. सहदेव पाटलाच्या थोरल्या मुलीच्या, रखमाच्या लग्नात माझा दम कोंडला आणि धवला मध्येच तुटला. वर्षाच्या आत ती पोर बाळंतपणात गेली. धवला तुटू नये, जोडपे तुटते, असे मीच जन्मभर लोकांना सांगत आले. मग लोक तेच माझ्याबद्दल बोलू लागले तर कुणाच्या तोंडाला हात लावू?

आणि आता त्याच घरची सोयरीक, आणि मला बोलावणे. सहदेवाला विचारल्याशिवाय तू सुपारी धाडली नसशील. म्हणजे त्या घराने मला माफ केले. हे लिहिताना विश्राम माझ्याकडे बघतो आहे, कारण मी रडते आहे. रडले की दमा उसळतो, म्हणून आता थांबते.

सुपारी देवापुढे ठेवली आहे. फाल्गुनापर्यंत मी माझा दम वळणावर आणते. तू काळजी करू नकोस.

(विश्रामकडून दोन ओळी : पावसाळ्यानंतर बाई काल पहिल्यांदा आपल्या पायांनी माझ्या दारापर्यंत आल्या. हातात तुझे पत्र होते. वाटेत चार वेळा टेकल्या, पण आल्या.)


कल्याण, ता. २८ नोव्हेंबर १८८८

मावशी,

तुझे पत्र चार वेळा वाचले. तुझ्या जिवाला बरे वाटते आहे हे वाचून आनंद झाला. परंतु तीन दिवस गायचे म्हणजे पोरखेळ नव्हे. डाक्तरांनी स्पष्ट सांगितले आहे. तू आत्तापासून मनाला लावून घेऊ नकोस. फाल्गुनाला अजून अवकाश आहे, पुढचे पुढे पाहू. औषध वेळच्या वेळी घ्यावे. काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिले.

राघो


कोपरी. मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८१०

राघ्यास आशीर्वाद.

डाक्तरांचे म्हणणे मी ऐकले. म्हणजे विश्रामने वाचले ते कानांनी ऐकले.

त्यांना सांग, हा दमा माझ्याकडे नऊ वर्षे आहे, त्यांच्यापेक्षा मी त्याला जास्त ओळखते. तो घरजावयासारखा आहे. हाकलता येत नाही, मग त्याच्या वेळा सांभाळायच्या. उन्हे वर येईपर्यंतची सकाळ त्याची. दिवेलागण झाली की पुन्हा त्याची पाळी. मधली दुपार माझी. पूर्वी ही दुपारसुद्धा मी त्याच्या नावाने खडे फोडण्यात घालवत होते. आता घालवत नाही, कारण दुपारी मालन येते.

मालन म्हणजे माझी धाकटी जाऊ, तू तिला मिठाच्या वाफ्यांवर दाताळे ओढताना पाहिली आहेस. मी तिला म्हटले, माझा दम पुरणार नाही, मला जोडीला तू हवीस. ती म्हणाली, "बाय, मी मीठ ओढनारी, गानारी नाय. माजा आवाज ऐकून खाडीवरचं बगले उडतान." मी म्हटले, उडू देत, त्यांना कुठे आपल्या मांडवात जेवायचे आहे!

आम्ही अशी युक्ती काढली आहे. दोघींनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. मी गाते. दम संपत आला की मला दोन शब्द आधी कळते. मग मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवते. हात पडला की पुढचा शब्द तिचा. मला श्वास मिळाला की मी पुन्हा उचलते. पहिल्या दिवशी मध्ये एवढे अंतर पडले की त्यातून बैलगाडी गेली असती. आता सुई जाईल इतके राहिले आहे. धवला तुटत नाही, राघ्या! माझा दम तुटतो, धवला तुटत नाही.

आणखी एक सांगते. चाळीस वर्षे मी धवले गायले, पण ऐकले कधीच नव्हते. गाणाऱ्याला ऐकू येत नाही, त्याचे ध्यान पुढच्या शब्दावर असते. आता मालन गाते आणि मी श्वास गोळा करत बसते, तेव्हा मला ऐकू येते. किती सुंदर आहे ते, मला माहीतच नव्हते. दम्याने माझे पुष्कळ नेले, पण हे एक आणून दिले. ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी मी फार सुखात होते.

रिकाम्या घरात धवला गायचा नसतो, अशुभ असते. घरात सुपारी आहे म्हणून गाता येते. तेव्हा तुझे उपकार.

(विश्रामकडून : नाक्यावरून सुटून मीही दुपारी ओट्यावर जाऊन बसतो. आणखी चार बाया येतात. बाईंचे ओठ मधूनच निळे पडतात, तेवढे बघवत नाही.)


कल्याण, ता. ९ जानेवारी १८८९

विश्रामकाकांस राघोचा नमस्कार.

हे पत्र तुमचे तुम्हीच वाचावे, मावशीस वाचून दाखवू नये.

काका, ती सुपारी आमंत्रणाची नव्हती. हळकुंड डाक्तरांनी खोकल्यासाठी दुधातून घ्यायला सांगितले होते. सुपारी मी वाण्याच्या दुकानी उभा असताना सहज घेतली, मावशीला विडा आवडतो म्हणून. दोन्ही एकाच कागदात बांधली. रीत मला ठाऊक नव्हती. बायकांच्या गोष्टी, मला कोण सांगणार?

सहदेव पाटलांनी सोयरीक करतानाच अट घातली होती की आवडाबाई मांडवात गाणार नाही. थोरल्या मुलीचे दुःख त्यांच्या मनातून गेलेले नाही. मी कबूल झालो. लग्न कल्याणचे भटजी लावणार आहेत. मावशीला हे कसे सांगावे ते मला सुचत नाही. तुम्ही रोज तिच्याजवळ असता, तुमचा शब्द ती मानते. गोडीगुलाबीने तुम्हीच सांगाल तर मी जन्माचा ऋणी राहीन.


कोपरी. पौष पौर्णिमा, शके १८१०

राघोस विश्रामचा आशीर्वाद.

मी तीस वर्षे गावाची पत्रे लिहितो आणि वाचतो. मेल्याची खबर वाचली, फारकतीची वाचली. लिहिणाऱ्याचे बोलणे मी पोचवतो, पण लिहिणाऱ्याने ते स्वतः बोलावे लागते. हे काम तुझे आहे. तू लिही, मी वाचून दाखवीन.

चूक तुझी सुपारीची नव्हती. ती कुणाकडूनही झाली असती. तिचे पत्र आल्यावर तू दोन महिने गप्प राहिलास, ती तुझी चूक. त्या दोन महिन्यांत ही बाई अंथरुणातून उठून माणसांत आली आहे. परवा स्वतःच्या हाताने हळद कांडत होती, तुझ्यासाठी. धुरळ्याने जीव कासावीस झाला तरी मुसळ दुसऱ्याच्या हाती देईना.

लवकर लिही. जितका उशीर करशील तितकी ती उंच चढेल, आणि तिथून खाली यायचे आहे.


कल्याण, ता. ४ फेब्रुवारी १८८९

मावशी,

हे पत्र लिहायला मला फार दिवस लागले.

पुडक्यातली सुपारी विड्यासाठी होती आणि हळकुंड औषधासाठी. मला रीत माहीत नव्हती. तू आमंत्रण समजलीस आणि मला तोंड उघडवेना. सहदेव पाटलांची तयारी नाही. रखमाचे त्यांच्या मनात अजून ताजे आहे. त्यांनी तुला दोष दिला नाही, पण मांडवात धवला नको म्हणाले. लग्न भटजी लावतील.

मी हे मान्य केले ते तुझ्या जिवासाठीच. डाक्तरांनी गाणे बंद सांगितले आहे, मी तुला मांडवात जीव टाकताना पाहू शकत नाही. तू आईच्या मानाने ये. पहिल्या पाटावर तुला बसवीन, नवे लुगडे घेऊन ठेवले आहे. फक्त गायचे नाही. गाडीची सोय मी करतो.

मला क्षमा कर.

राघो


कोपरी. माघ शुद्ध दशमी, शके १८१०

चि. राघोस आशीर्वाद.

पत्र पोचले. विश्रामने दोनदा वाचले.

सुपारी देवापुढून उचलली. हळकुंड दुधातून घेते आहे. कांडलेली हळद धोंडीबाबरोबर पाठवते, ती लावून घे, हळदीला कुणाची मनाई नसावी.

लग्नाला मी येत नाही. मांडवात भटजी बोलत असताना मी गप्प राहीन असा माझा मला भरवसा नाही, आणि तुझ्या मोठ्या लोकांसमोर तुझी फजिती मला नको.

सुखाने नांदा.

(विश्रामकडून : दुपारी घर बंद असते. मालन दोन दिवस येऊन ओट्यावरून परत गेली.)


कल्याण, ता. १४ मार्च १८८९

मावशी,

लग्न झाले. तुझी हळद लावली. भटजींनी मंगलाष्टके म्हटली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, जेवणे झाली. हेडक्लार्क आले होते, त्यांनी पाठ थोपटली. सगळे रीतसर झाले आणि मला सारखे वाटत राहिले की लग्न अजून लागायचे आहे. हळदीच्या दिवशी खडवलीच्या बायका तोंडाला पदर लावून नुसत्या बसल्या होत्या. कुणी मेल्यावर बसतात तशा.

मी तुला खोटे लिहिले होते. तुझ्या जिवासाठी म्हटले, ते अर्धेही खरे नव्हते. सहदेव पाटील अट घालताना चाचरत होते, मी थोडे ताणून धरले असते तर ते नमले असते. मी ताणले नाही. उलट मला सुटल्यासारखे वाटले. हेडक्लार्क आणि कचेरीतले लोक येणार, त्यांच्यासमोर माझी मावशी धापा टाकत, आपल्या बोलीत गाणार, याची मला लाज वाटली. तू मला वाढवलेस आणि मला तुझी लाज वाटली. हे तुझ्यापाशी कबूल केल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

दुसरी गोष्ट लक्ष्मीची. चार दिवसांपूर्वी तिने मला विचारले, "आपल्या लग्नात धवला का नाय गायला?" मी म्हटले, तुझ्या वडिलांना रखमाची आठवण येते. ती म्हणाली, "बापूस मांडवाच्या दाराशी होता, त्याला काय माहीत! रखमा म्हाईराला आली का सांगायची. त्या बायचा दम कोंडला तवा तिनं रखमाचा हात धरला, कान जवल ओढला आनि उरलेला धवला कानात सांगून पुरा केला. रखमा म्हनायची, सगल्यांनी अर्धा ऐकला, मी येकटीनं पुरा ऐकला."

मावशी, हे तू आम्हाला कधी का सांगितले नाहीस?

लक्ष्मीला तुझ्या तोंडून धवला ऐकायचा आहे. आम्ही दोघे येतो. मी सुपारी घेऊन येतो, या वेळी रीत विचारून. उशिरा का होईना, आमचे लग्न तू लाव.

तुझा
राघो


कोपरी. चैत्र शुद्ध तृतीया, शके १८११

राघ्यास आशीर्वाद. सूनबाईस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण पंधरा दिवस मला बोलताच येत नव्हते. विश्राम समोर कागद घेऊन बसायचा आणि मी दोन शब्दांत दमायची. आज बरे आहे.

रखमाचे खरे आहे. कानात सांगितला होता. कुणाला बोलले नाही, कारण गायला नाही तो धवलाच नव्हे असे लोक म्हणाले असते, आणि मलाही तसेच वाटत होते. मी धवला तोडला, अशीच मी तीन वर्षे जगले. पोरीच्या हिशेबी तो पुरा होता हे आता कळले. तुझे पत्र ऐकून मी विश्रामला बाहेर जायला सांगितले आणि पोटभर रडले. नंतरचे पंधरा दिवस त्यातच गेले. पण रडल्याचे वाईट वाटत नाही.

तू सुपारी आणू नकोस. लागलेल्या लग्नाला धवला नाही. हळदीची वेळ हळदीबरोबर जाते, ती मागून आणता येत नाही. तुला अंगावर घेऊन निजवायचे तेव्हापासून मी तुझ्या लग्नाचा धवला मनात जुळवून ठेवला होता, तुझ्या आईचे नाव त्यात घातले होते. तो आता कुणाच्या कामाचा नाही. मी तो मालनलाही सांगितला नाही.

आमच्याकडची बातमी. माघ वद्यात वाफ्यांवरच्या पंढरीच्या मुलीचे लग्न झाले. त्याच्या बायकोने पौषात ओट्यावर बसून आमचा सराव ऐकला होता. ती हळकुंड आणि सुपारी घेऊन आली. मी म्हटले, बाई, माझे नाव वाईट आहे, विचार कर. ती म्हणाली, "नाव तुजं, कान माजं. मी ऐकलंय." मग गेलो. मालन आणि मी, गुडघ्याला गुडघा लावून. अकरा वेळा माझा दम संपला, अकराही वेळा तिने उचलले. मांडवात कुणाला जोड कळला नाही. मालनचा आवाज अजून बगळे उडवण्यासारखाच आहे, पण नवरी मान खाली घालून हसत होती, आणि मला एवढे बरे वाटले की घरी चालत आले. पुढचे आठ दिवस खाटेवर होते ते वेगळे. वैशाखातल्या दोन लग्नांच्या सुपाऱ्या आल्या आहेत. एक तरी पार पडेल असे वाटते.

माझे दिवस फार आहेत असे समजू नकोस. मीही समजत नाही. विश्राम हे लिहायला तयार नव्हता, मी लिहायला लावले.

लक्ष्मीला पाठव. महिनाभर राहू दे. तिला नुसते ऐकायचे आहे की शिकायचे आहे, ते तिला विचार. शिकायचे असेल तर मालनच्या पलीकडे तिसरा गुडघा मला हवाच आहे. ती माझ्याकडे येते आहे हे तिच्या बापालाही सांग, मी सांगायला लावले म्हणून.

तू मात्र इतक्यात येऊ नकोस. तुझी कबुली मी ऐकली. खरे बोललास हे बरे केलेस. पण मला राग आला आहे, राघ्या, आणि तो अजून गेलेला नाही. दम्याच्या माणसाला एका बैठकीत रागावता येत नाही, जीव जाईल. मी रोज दुपारी थोडा थोडा रागावते. संपला की तुला बोलावीन. पण राग पुष्कळ आहे आणि दम थोडा, म्हणून वेळ लागेल. तोवर वाट पाहा.

आवडाबाई